रिलेशनल डेटाबेसचा ऑनलाइन कोर्स: कोणता घ्यायचा, त्यात काय शिकायचं आणि मध्येच न सोडता पूर्ण कसा करायचा

इंजिनिअरिंगला डीबीएमएस या विषयात मला चांगले मार्क होते. नॉर्मलायझेशनच्या व्याख्या पाठ होत्या, मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवले होते. नोकरीला लागल्यावर दोन वर्षं रोज एसक्यूएल लिहीत होतो. तरीही मावशीच्या वहीतला एक घोळ मला सोडवता आला नाही, आणि तेव्हा लक्षात आलं की हा विषय मी पास झालो होतो, शिकलो नव्हतो.

आम्ही उल्हासनगर कॅम्प ४ चे. मावशी कॅम्प ५ च्या बाजूच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्स आणते आणि आसपासच्या बायकांना घरी धागे कापायला देते. किती नग नेले, किती परत आले, किती मजुरी झाली, किती उचल घेतली, सगळं एका लांब वहीत. वहीत एकाच नावाच्या दोन बायका होत्या. एकीचे नग दुसरीच्या पानावर लिहिले गेले आणि पैसेही तिलाच गेले. जिचे राहिले ती भांडली. मावशीने शेवटी स्वतःच्या खिशातून पैसे भरले, पण त्या बाईने काम सोडलं ते सोडलंच.

मावशी म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग एवढं नीट करून दे." मी एका रविवारी एक्सेलची शीट करून दिली. पहिला कॉलम 'नाव'. म्हणजे वही जाऊन एक्सेल आलं आणि घोळ तसाच राहिला. त्यानंतर मी डेटाबेसचा ऑनलाइन कोर्स घेतला, तोही दुसऱ्यांदा. पहिल्यांदा तिसऱ्या आठवड्यात सोडला होता. असा कोर्स घेण्याआधी मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते या लेखात आहे.

## रिलेशनल डेटाबेस म्हणजे नक्की काय?

१९७० साली आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधीच्या डेटाबेसमध्ये माहिती शोधायची तर ती आत कुठे आणि कशी साठवली आहे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागायचं. कॉड यांचं म्हणणं होतं, माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, एका तक्त्याचं दुसऱ्याशी नातं त्यातल्या किमतींवरूनच जोडा, आणि 'काय हवंय' तेवढं सांगा. ते कसं शोधायचं ते मशीन बघेल. या कामासाठी त्यांना १९८१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. याच कल्पनेवर आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी जी भाषा तयार केली, तीच पुढे एसक्यूएल झाली.

हे फक्त बँकांच्या सर्व्हरवर चालतं असं नाही. तुमच्या खिशातल्या फोनमध्येही एसक्यूलाइट नावाचा रिलेशनल डेटाबेस आहे, मग फोन अँड्रॉइड असो की आयफोन. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. अँड्रॉइडवर तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि व्हॉट्सॲपचे मेसेज अशाच तक्त्यांमध्ये असतात. चॅटमध्ये एखादा शब्द शोधता तेव्हा मागे एक क्वेरी चालते.

## कोणता कोर्स घ्यायचा?

फुकट शिकवणारे चांगले कोर्स बरेच आहेत. मी तीन सुचवतो, कारण तिघांचा उपयोग वेगवेगळा आहे.

१. एनपीटीईएलचा डेटा बेस मॅनेजमेंट सिस्टिम, आयआयटी खरगपूर. प्रा. पार्थ प्रतिम दास यांचा हा कोर्स ८ आठवड्यांचा आहे. आठवड्याला पाच व्याख्यानं, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचं. मी हाच केला. कॉलेजात असाल आणि विषय मुळापासून, परीक्षेसकट करायचा असेल तर हा घ्या. स्वयम पोर्टलवर नोंदणी करून शिकणं फुकट आहे. यातल्या स्लाइड्स 'डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स' या पुस्तकावर बेतलेल्या आहेत. त्या पुस्तकाच्या तीन लेखकांपैकी एक, एस. सुदर्शन, आपल्या पवईच्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आहेत. पुस्तक जगभर शिकवलं जातं आणि त्याच्या वेबसाइटवर स्लाइड्स व सरावाचा डेटाबेस मोफत मिळतो.

२. हार्वर्डचा सीएस५० इंट्रोडक्शन टू डेटाबेसेस विथ एसक्यूएल. सात भाग आहेत आणि शिकवणारे कार्टर झेन्के. सुरुवात थेट एसक्यूलाइटवर क्वेरी लिहिण्यापासून होते, त्यामुळे हात लवकर बसतो. प्रत्येक भागाला सरावाचं काम असतं आणि ते आपोआप तपासलं जातं. बीकॉम, बीएससी किंवा डिप्लोमावाल्यांनी इथून सुरुवात करावी. सिद्धांत मात्र कमी आहे.

३. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा १५-४४५. अँडी पाव्हलो यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. इथे डेटाबेस वापरायला नाही, आतून बांधायला शिकवतात. बाहेरचा विद्यार्थीही प्रोजेक्ट तपासून घेऊ शकतो. प्रमाणपत्र मिळत नाही, आणि सी प्लस प्लस नीट येत नसेल तर दुसऱ्या आठवड्यातच दमछाक होते. वरच्या दोनपैकी एक पूर्ण केल्यावरच इकडे या.

तिन्ही एकदम सुरू करू नका. एक निवडा आणि तोच पूर्ण करा.

## कोर्समध्ये काय शिकतो, मावशीच्या वहीतून

अभ्यासक्रमातले शब्द जड वाटतात, पण त्यातला प्रत्येक शब्द एका खऱ्या अडचणीवरचा उपाय आहे. मी दुसऱ्यांदा कोर्स करताना प्रत्येक आठवड्याचा धडा वहीवर लावून बघितला, म्हणून तो पूर्ण झाला.

प्रायमरी की: प्रत्येक ओळीची अशी ओळख, जी दुसऱ्या कुठल्याही ओळीची असू शकत नाही. नाव ही ओळख होऊ शकत नाही, कारण एका गल्लीत एकाच नावाच्या दोघी असतात. फोन नंबरही नाही. तो बदलतो, आणि कधी कधी सासू-सुनेचा एकच असतो. म्हणून प्रत्येकीला क्रमांक दिला. मावशी आता गठ्ठ्यावर चिठ्ठी लावताना नाव लिहिते आणि पुढे क्रमांकही.

फॉरीन की: एका तक्त्यातून दुसऱ्याकडे बोट दाखवणारा कॉलम. मी तीन तक्ते केले. 'कामगार' मध्ये क्रमांक, नाव, फोन. 'वाटप' मध्ये गठ्ठा क्रमांक, कामगार क्रमांक, तारीख, नग, दर. 'जमा' मध्ये गठ्ठा क्रमांक, तारीख, परत आलेले नग. वाटपात जो कामगार क्रमांक लिहाल तो कामगार तक्त्यात असायलाच हवा, नसेल तर डेटाबेस ती नोंद घेत नाही. इथे एक सूचना: एसक्यूलाइटमध्ये ही तपासणी आपोआप चालू नसते. दर वेळी जोडणी केल्यावर ती प्रॅग्मा आज्ञेने चालू करावी लागते. मला हे कळायला एक अख्खा शनिवार गेला.

नॉर्मलायझेशन: कॉलेजात मी पाठ केलेला भाग. खरं तर एकच प्रश्न विचारायचा असतो: कशावरून काय कळतं? कामगार क्रमांक कळला की फोन नंबर कळतो, म्हणून फोन नंबर कामगार तक्त्यात. गठ्ठा क्रमांक कळला की दर कळतो, कारण दर जीन्सच्या प्रकारावर ठरतो, बाईवर नाही, म्हणून दर वाटपात. मावशीच्या वहीत फोन नंबर दर महिन्याच्या पानावर पुन्हा लिहिलेला होता. नंबर बदलला तेव्हा एका पानावर दुरुस्त झाला, बाकीच्यांवर जुनाच राहिला. पुस्तकात याला अपडेट अनॉमली म्हणतात. उपाय एवढाच, की एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहायची. फंक्शनल डिपेन्डन्सी, थर्ड नॉर्मल फॉर्म, बीसीएनएफ हे सगळं तेच काटेकोरपणे सांगण्यासाठी आहे.

नल: माहिती नाही, याची खूण. शून्य वेगळं आणि नल वेगळं. कधी कधी कारखान्याने दर ठरवलेला नसतो, तरी गठ्ठा घरी गेलेला असतो. दर रिकामा असला की नग गुणिले दर हेही रिकामं येतं, आणि बेरीज करताना ती ओळ गपचूप गळते. एरर येत नाही, फक्त कुणाची तरी मजुरी कमी दिसते. शिवाय 'दर बरोबर नल' अशी अट लिहिली तर एकही ओळ सापडत नाही, त्यासाठी 'इज नल' लिहावं लागतं. असाइनमेंटमध्ये यावर प्रश्न हमखास असतो.

ट्रान्झॅक्शन: मजुरी देताना आधीची उचल वळती करायची असते. म्हणजे दोन नोंदी होतात, पैसे दिले आणि उचल कमी झाली. पहिली नोंद झाली आणि लाइट गेली तर? ट्रान्झॅक्शन म्हणजे दोन्ही होतील, नाहीतर एकही होणार नाही, याची हमी. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे जातात तेव्हा बँकेच्या डेटाबेसलाही हीच हमी लागते.

इंडेक्स: पुस्तकाच्या मागच्या सूचीसारखी सोय. बी प्लस ट्री या रचनेत एका पायरीवर शंभर फांद्या धरल्या तर तीन पायऱ्यांत १०० × १०० × १००, म्हणजे १० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येतं. इंडेक्स नसेल तर एक नोंद शोधायला दहाही लाख ओळी चाळाव्या लागू शकतात. मावशीच्या दोन-चार हजार ओळींना याने फरक पडत नाही. ऑफिसात मात्र पडतो, आणि इंटरव्ह्यूमध्ये हे विचारतात.

## माझी क्वेरी चुकली, वही बरोबर होती

चौथ्या आठवड्यापर्यंत मला वाटायला लागलं होतं की जमलं. मावशीला महिन्याचा हिशोब लॅपटॉपवर काढून दाखवला. तिने एका बाईचा आकडा बघितला आणि म्हणाली, "एवढे नसतील." मी म्हटलं, कॉम्प्युटर चुकत नाही. तिने वही काढली.

झालं होतं असं. त्या बाईने दोन गठ्ठे नेले होते, १०० आणि १५० नगांचे. परत तीन वेळा आणून दिले: पहिल्या गठ्ठ्यातले ८०, दुसऱ्यातले ९० आणि मग ६०. एकूण जमा २३०. तेव्हा माझ्या 'जमा' तक्त्यात गठ्ठा क्रमांक नव्हता, कामगार क्रमांक होता. मी 'वाटप' आणि 'जमा' कामगार क्रमांकावर जॉइन केले. जॉइन काय करतो? जुळणारी प्रत्येक ओळ जुळणाऱ्या प्रत्येक ओळीशी जोडतो. दोन ओळी गुणिले तीन ओळी, म्हणजे सहा. प्रत्येक जमा दोनदा मोजला गेला आणि २३० चे ४६० झाले. हिशोब सोपा व्हावा म्हणून नगाला एक रुपया धरा, तर २३० रुपयांच्या जागी ४६० दिले गेले असते. एकीला एका महिन्यात जास्त देऊन पुढच्या महिन्यात कापायचे, म्हणजे पुन्हा भांडण.

क्वेरीत व्याकरणाची चूक नव्हती, म्हणून ती न अडता चालली. दुरुस्ती दोन पायऱ्यांची होती. आधी 'जमा' मध्ये गठ्ठा क्रमांक आणला, कारण नग परत येतात ते एखाद्या गठ्ठ्याचे. मग प्रत्येक गठ्ठ्याच्या जमेची बेरीज आधी ग्रुप बायने केली आणि त्यानंतर वाटपाशी जॉइन केलं. ही दुसरी पायरी विसरलात तर जमा बरोबर येईल, पण नेलेले नग चुकतील: दुसऱ्या गठ्ठ्याच्या जमेच्या दोन ओळी आहेत, त्यामुळे १५० दोनदा धरले जाऊन २५० च्या जागी ४०० दिसतील.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो, ऑफिसातही. बेरीज असलेली कुठलीही क्वेरी पाठवण्याआधी एका ओळखीच्या माणसाचा हिशोब कागदावर हाताने करून बघायचा. व्हिडिओ बघून ही चूक कळत नाही. स्वतःची आणि ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशी माहिती भरली तरच कळते.

## परीक्षा आणि प्रमाणपत्र

एनपीटीईएलच्या कोर्सला दर आठवड्याला असाइनमेंट असते, बहुतेक पर्यायी प्रश्नांची. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम सहा असाइनमेंट धरतात आणि त्यांना २५ गुणांचं वजन असतं. उरलेले ७५ गुण परीक्षेचे. ही परीक्षा केंद्रावर जाऊन, कॉम्प्युटरवर द्यायची असते. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात. शुल्क फक्त परीक्षेचं असतं, एका कोर्सला साधारण १,००० रुपये. चालू सत्राचं शुल्क, सवलती आणि केंद्रं फॉर्म भरण्याआधी कोर्सच्या पानावर बघून घ्या. कोर्स वर्षातून दोन सत्रांत चालतात, एक जानेवारीत आणि एक जुलैत सुरू होणारं.

प्रमाणपत्राने नोकरी मिळते का? माझ्या अनुभवात इंटरव्ह्यूमध्ये प्रमाणपत्रावर कुणी थांबत नाही. "तू केलेला डेटाबेस सांग" यावर मात्र अर्धा तास बोलतात. तरीही परीक्षेचा फॉर्म भरा, कारण पैसे भरले की कोर्स सोडवत नाही.

## मध्येच न सोडण्यासाठी

पहिल्यांदा मी व्हिडिओ सिनेमासारखे बघत होतो. विठ्ठलवाडीहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली. सकाळच्या गर्दीत फोन डोळ्यांसमोर धरायला हात मोकळा नसतो, म्हणून नुसतं ऐकायचो. ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. असाइनमेंट उघडली की काही सुचत नाही. दुसऱ्यांदा हे बदल केले:

- नवीन व्याख्यान रात्री घरी, हातात पेन घेऊन. ट्रेनमध्ये फक्त आधी बघितलेलं पुन्हा ऐकणं. व्हिडिओ आदल्या रात्री वायफायवर डाउनलोड.
- प्रत्येक व्याख्यानानंतर किमान एक क्वेरी स्वतः लिहून चालवणं.
- असाइनमेंट शेवटच्या दिवशी नाही, दोन दिवस आधी.
- एक आठवडा हुकला तर मागचं भरून काढत बसायचं नाही. चालू आठवडा आधी, मागचं रविवारी. सहाच असाइनमेंट धरतात, तेव्हा दोन हुकल्या म्हणून कोर्स बुडत नाही.
- पहिल्याच आठवड्यात स्वतःची एक वही निवडणं. सोसायटीचा मेंटेनन्स, आईची भिशी, क्रिकेट टीमची वर्गणी, काहीही चालेल. फक्त त्यात माणसं आणि पैसे असावेत, म्हणजे चूक झाली की कुणीतरी विचारायला येतं.

## फोनवर किती होईल?

लॅपटॉप नसेल तरी सुरुवात करता येते. व्हिडिओ आणि पर्यायी प्रश्न फोनवर होतात. वर सांगितलेल्या पुस्तकाच्या वेबसाइटवर विद्यापीठाचा एक नमुना डेटाबेस आहे. त्यावर ब्राउझरमध्येच एसक्यूएल चालवता येतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप टाकून त्यात खरं एसक्यूलाइट चालतं. लहान कीबोर्डवर लांब क्वेरी लिहिताना वैताग येतो, तेव्हा क्वेरी आधी कागदावर लिहा. नॉर्मलायझेशनपर्यंत एवढं पुरतं. त्यापुढे कॉलेजची लॅब किंवा मित्राचा लॅपटॉप आठवड्यातून दोनदा मिळाला तर बरं.

एक काळजी घ्या. कुणाचीही खरी नावं, नंबर आणि पैशांचा हिशोब सरावासाठी ऑनलाइन टूलमध्ये टाकू नका. तिथे खोट्या दहा ओळी भरा. खरी माहिती आपल्या मशीनवर, पासवर्डखाली.

## सध्याची स्थिती

मावशी अजून वही ठेवते, आणि ती ठेवू दे असं मीच सांगितलं. रात्री मी नोंदी भरतो, महिन्याच्या शेवटी दोन्ही आकडे जुळवतो. जुळले नाहीत तर पैसे वाटायच्या आधी शोधतो.

काम सोडून गेलेली बाई परत आली नाही. वर्षभराने मी तिची ओळ कामगार तक्त्यातून काढून टाकायला गेलो, तर डेटाबेसने नकार दिला: तिच्या क्रमांकावर जुने गठ्ठे लागलेले होते. मी मावशीला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग राहू दे. तिचं काम होतंच ना ते."